रोपलेले हृदय आणि त्याच्या रोहिणी

१६ फेब्रुवारी १९६८ रोजी मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी एका माणसाच्या छातीतील निकामी झालेले हृदय काढून त्या जागी दुसऱ्याचे हृदय बसविले. जगातील हे सहावे हृदयारोपण. केपटाउनच्या डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले हृदयारोपण केले ते ३ डिसेंबर १९६७ रोजी. म्हणजे अडीच महिन्यांच्या आत मुंबईने ती मजल गाठली होती. बर्नार्ड, न्यू यॉर्कचे कॅन्ट्रोविट्झ आणि स्टॅनफर्डचे शमवे यांच्या मागोमाग हे धाडस करणारे सेनांचे पथक जगात चौथे होय. परंतु रुग्ण तीन तासांतच दगावला. त्याच वर्षी सप्टेंबरात सेनांनी दुसरा प्रयत्न केला. तोही रुग्ण एक दिवस पुरा जगला नाही. मुंबईत हे काम त्यानंतर जे थांबले ते थेट २०१५ पर्यंत.

आपल्याकडे ह्या घटनेचा उल्लेख झालाच तर तो अभिमानाच्या नाही तर हळहळीच्या सुरात होतो. दोन्ही सूर स्वाभाविक आहेत. तथापि त्यांच्या नादात हृदयारोपणाचा इतिहास म्हणजे शस्त्रवैद्यांच्या हस्तकौशल्याचा इतिहास, अशी एक समजूत रूढ होऊन बसली आहे. हात तर १९६८ मध्येच तयार होते, परळातही होते. तयार नव्हते ते औषध. आणि औषध मिळाले तेव्हा त्याने वाचविलेल्या आयुष्यातच दुसरा एक रोग सावकाश वाढत असल्याचे ध्यानात आले. तो रोग म्हणजे नव्या हृदयाच्या स्वतःच्या रोहिणी, म्हणजे त्या हृदयाच्या स्नायूला शुद्ध रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या, आतून भरत जाणे. ह्या औषधांची आणि ह्या रोगाची जी साठ वर्षांची झटापट चालली आहे, ती मला शस्त्रक्रियेच्या कथेपेक्षा अधिक उद्बोधक वाटते. तिच्यात परळही आहे, बनारसही आहे आणि पॅसिफिक महासागरातील एक वैराण बेटही आहे.

प्रथम परळ. के. ई. एम. हे महापालिकेचे रुग्णालय. १९२६ साली ते सुरू झाले, तेव्हा त्याला जोडलेल्या गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या देणगीदारांनी येथील अध्यापक भारतीयच असावेत अशी अट घातली होती. परक्या सरकारच्या अमदानीत ती अट म्हणजे एक प्रकारचे आव्हानच होते. सेन हे जन्माने बंगाली, पण त्यांची सारी कर्तबगारी परळची. त्यांच्या हाताखाली मराठी, पारशी, गुजराती शिष्यांची एक पिढी तयार झाली. डॉ. गुरुकुमार पारुळकर आणि डॉ. तेहेम्टन उदवाडिया ही त्यांतील दोन नावे. ह्या मंडळींनी १९६५ साली, म्हणजे हृदयारोपणाच्या तीन वर्षे आधी, एक निबंध प्रसिद्ध केला होता आणि त्याचा विषय हृदयाच्या रोहिणींचाच होता. सापाच्या हृदयात एक गंमत असते. त्याच्या स्नायूला होणारा रक्तपुरवठा आपल्याप्रमाणे सर्वस्वी स्वतंत्र रोहिणींवर अवलंबून नसतो. हृदयाच्या पोकळीतले रक्तच भिंतीतील बारीक फटींतून स्नायूत झिरपते. मग माणसाच्या रोहिणी बुजल्या असता सुईने हृदयाच्या भिंतीत पोकळीपर्यंत छिद्रे पाडून सापाच्याच मार्गाने रक्त आत का आणू नये? असा तो विचार होता. क्लीव्हलंडच्या रेने फाव्हालोरो यांनी पायातील नीला वापरून बायपासची शस्त्रक्रिया रूढ केली ती १९६७ नंतर. परळातील प्रयोग त्याआधीचा. ह्या सुईकडे आपल्याला पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

सेनांचे दोन्ही रुग्ण इतक्या लवकर गेले की औषधांचा प्रश्न उद्भवलाच नाही. ते जगते तर काय झाले असते, याचे उत्तर मात्र केपटाउनला मिळते.

दुसऱ्याचा अवयव शरीर स्वीकारीत नाही, ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या माणसांवर त्वचेचे रोपण करताना पीटर मेडावर यांनी नीट अभ्यासिली आणि हा अव्हेर रक्तातील संरक्षक पेशींच्या द्वारे होतो हे प्रस्थापित केले. त्यांना १९६० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. शरीर हे एखाद्या चोख दप्तरासारखे आहे. ज्या कागदावर आपला शिक्का नाही तो ते ठेवून घेत नाही. तेव्हा अवयव टिकवावयाचा तर ह्या दप्तराचा कडकपणा काही अंशी मोडला पाहिजे. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी शोधलेले अ‍ॅझाथायोप्रिन हे १९६० नंतरच्या दशकातील मुख्य औषध. त्याच्या जोडीला स्टेरॉइड. अ‍ॅझाथायोप्रिन वाढणाऱ्या पेशींची वाढ रोखते, पण त्यात निवड अशी नाही. शत्रूला अडविणारे शिपाई आणि पाहुण्याला हाकलणारे शिपाई ते सारखेच निःशस्त्र करते. बर्नार्डांचा पहिला रुग्ण लुई वॉशकान्स्की अठराव्या दिवशी मरण पावला तो न्यूमोनियाने. हृदय अखेरपर्यंत चांगले चालत होते.

दुसरा रुग्ण फिलिप ब्लेबर्ग. हा दंतवैद्य. २ जानेवारी १९६८ रोजी त्याच्या छातीत एका चोवीस वर्षांच्या तरुणाचे हृदय बसविण्यात आले. वर्णभेदाच्या त्या राज्यात एका गोऱ्या दंतवैद्याच्या छातीत मिश्रवर्णीय तरुणाचे हृदय धडधडू लागले, याची त्या काळी जगभर चर्चा झाली. जे दोघे एका बाकावर बसू शकले नसते त्यांचे हे साहचर्य साडेएकोणीस महिने टिकले. ब्लेबर्ग समुद्रात पोहतानाची छायाचित्रे वृत्तपत्रांत आली. हृदयारोपण यशस्वी होऊ शकते, हा जगाचा विश्वास टिकून राहिला तो ह्या एका माणसामुळे.

१७ ऑगस्ट १९६९ रोजी ब्लेबर्ग वारला आणि त्याच्या हृदयाची तपासणी झाली. केपटाउनचे विकृतिशास्त्रज्ञ थॉमसन यांनी ती त्याच वर्षी 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. चोवीस वर्षांच्या निरोगी तरुणाचे ते हृदय. परंतु त्याच्या रोहिणी एखाद्या वृद्धाच्या असाव्यात तशा मेदाने आणि दाटलेल्या थराने भरून गेलेल्या आढळल्या. ज्याला साधारणतः चार-पाच तपे लागतात ते काम पावणेदोन वर्षांच्या आतच उरकले होते. केवळ वयाने हे होणे शक्य नव्हते. शरीराने हृदय उघडपणे नाकारले नव्हते, हे खरे. पण ते मनापासून स्वीकारलेही नव्हते. रोहिणींच्या अस्तराशी त्याची कुरबूर अखंड चालू होती, आणि तिचा परिणाम हा असा झाला.

माझ्या मते हृदयारोपणाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा कागद हाच. परंतु त्या वेळी त्याचे म्हणावे तेवढे महत्त्व कोणास जाणवले नाही, आणि त्यात कोणाचा दोष नव्हता. १९६८ या एका वर्षात जगात शंभरावर हृदयारोपणे झाली आणि बहुतेक रुग्ण वर्षाच्या आत गेले. ज्या घराला आग लागली आहे त्या घराच्या वाशांना वाळवी लागली आहे किंवा काय, हे पाहावयास कोणास सवड असणार? बहुतेक रुग्णालयांनी ही शस्त्रक्रिया बंद केली. स्टॅनफर्डचे नॉर्मन शमवे आणि आणखी दोन-चार ठिकाणचे लोक तेवढे चिकाटीने काम करीत राहिले.

ह्या रोहिणीरोगाचे स्वरूप थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. आमच्या परिचयाचे एक सातारकडील गृहस्थ आहेत. त्यांच्या हृदयाचे रोपण होऊन काही वर्षे लोटली आहेत. तपासणीसाठी दिल्लीस आले की ते आमच्याकडे नोएडास उतरतात. (नोएडात राहणाऱ्या मराठी माणसाच्या घरी 'एम्स'च्या कामासाठी गावाकडचे कोणी उतरले नाही, असे घर विरळाच!) एकदा चहा घेताना त्यांनी मला विचारले, "मला चालताना दम लागत नाही, छातीत दुखत नाही, मग दर वर्षी मांडीतून नळी घालून हे लोक काय शोधतात हो?" प्रश्न साधा होता, आणि उत्तर ऐकावयास कठीण. छातीत दुखत नाही, हेच त्याचे कारण आहे. दात्याच्या शरीरातून हृदय काढताना त्याचे मज्जातंतू तुटतात. ते पुन्हा जोडता येत नाहीत. काहींच्या बाबतीत काही वर्षांनी थोडेफार आपोआप वाढतात, एवढेच. रोहिणी बुजू लागली की तुमच्याआमच्या हृदयाचा स्नायू ओरडून सांगतो. रोपलेले हृदय बहुधा मुके असते. पहिली सूचना मिळते ती धाप लागण्याची, नाही तर एकाएकी मृत्यूचीच. म्हणून दर वर्षी आत डोकावून पाहावे लागते.

दुसरे असे की नेहमीच्या हृदयविकारात मेदाचा थर रोहिणीच्या एका बाजूस, ठिकठिकाणी साठतो. तेवढ्या जागेला वळसा घालून बायपास करता येतो किंवा तेथे जाळीची नळी, म्हणजे स्टेंट बसविता येतो. रोपलेल्या हृदयात मात्र रोहिणीच्या भिंतीतील स्नायुपेशी आतल्या अंगास सरकतात, वाढतात आणि सबंध रोहिणी मुळापासून बारीक फांद्यांपर्यंत सर्व बाजूंनी सारखी अरुंद होते. जुन्या नळाच्या आत क्षार बसून भोक लहान व्हावे तसे हे होते. वळसा घालावयाचा तर कोठून कोठवर? रोग वाढलेला असेल तर खरा उपाय एकच, पुन्हा नवे हृदय. आणि हृदये काही बाजारात मिळत नाहीत.

सायक्लोस्पोरिनच्या आगमनाने चित्र पालटले. बाझेलच्या सँडोझ कंपनीची अशी पद्धत होती की नोकरवर्गापैकी कोणी परगावी गेला तर त्याने तेथली चिमूटभर माती पिशवीत घालून आणावी. न जाणो, तीत एखादा उपयुक्त सूक्ष्मजीव निघावयाचा. आपण प्रवासाहून परतताना कचेरीतल्यांसाठी पेढे आणतो. ते लोक माती आणीत! अशीच १९६९ साली नॉर्वेच्या हार्डांगरव्हिडा पठारावरून आलेल्या मातीत एक कवक सापडले. त्यातील द्रव्य बुरशीनाशक म्हणून फारसे कामाचे ठरले नाही. पण १९७२ च्या आरंभी त्याचा दुसरा गुण ध्यानात आला. संरक्षक पेशी सावध झाल्या की त्या एकमेकींना हाकारणारे रासायनिक संदेश तयार करतात. ह्या द्रव्याने ती हाकच बंद पडते, आणि इतर पेशी बव्हंशी सुखरूप राहतात. सरसकट नि:शस्त्र करणारे औषध जाऊन निवडक शिपायांना गप्प करणारे औषध आले. हार्टमन स्टेहेलिन आणि झां-फ्रान्स्वा बोरेल यांची नावे त्याच्याशी निगडित आहेत. ते पाण्यात विरघळत नसे, म्हणून केंब्रिजमध्ये रॉय काल्न यांच्या प्रयोगशाळेत ते ऑलिव्हच्या तेलात कालवून प्राण्यांना देत. तेथील एका ग्रीक संशोधकाला त्याची आई घरून ते तेल पाठवीत असे, अशी कथा सांगतात. परदेशात मुलाचे जेवणाचे हाल होतील ह्या धास्तीने आईने पाठविलेले तेल असे सार्थकी लागले! स्टॅनफर्डला १९८० च्या डिसेंबरात ते हृदयारोपणात वापरले गेले. १९८३ मध्ये अमेरिकेत त्यास रीतसर मान्यता मिळाली. पहिल्या वर्षाच्या अखेरीस पाचांपैकी चार रुग्ण हयात राहू लागले आणि बंद पडलेली रुग्णालये पुन्हा ह्या कामास लागली.

आणि मग थॉमसनचा कागद लोकांना आठवू लागला. रुग्ण एक वर्ष नव्हे, पाच वर्षे, दहा वर्षे जगू लागले, तशी त्यांच्या रोहिणींची वाळवी दिसू लागली. आंतरराष्ट्रीय नोंदींवरून असे दिसते की पाच वर्षांनी सुमारे तीस टक्के आणि दहा वर्षांनी निम्म्याच्या आसपास रुग्णांत अँजिओग्राफीने हा रोग दिसून येतो. सायक्लोस्पोरिनने तीव्र अव्हेर आवरला, परंतु ही जुनाट कुरबूर त्यास आवरता आली नाही. उलट काही अंशी त्यानेच तिला खाद्य पुरविले. त्याने रक्तदाब चढतो, मूत्रपिंडे दुखावतात, रक्तातील मेद वाढतो. स्टेरॉइडने साखर वाढते. म्हणजे सामान्य माणसाला हृदयविकार ज्या ज्या कारणांनी होतो ती कारणे औषधांनी गोळा करून आणून ठेविली. शिवाय प्रतिकारशक्ती दडपल्यामुळे एरवी शरीरात निपचित पडून राहणारा सायटोमेगॅलो नावाचा विषाणू डोके वर काढतो. स्टॅनफर्डच्याच वैद्यांनी १९८९ मध्ये ह्या संसर्गाचा आणि रोहिणीरोगाचा संबंध दाखवून दिला. औषध कमी करावे तर अव्हेर, वाढवावे तर हा परिवार. जपानातील त्सुकुबा येथील मातीतून १९८४ मध्ये मिळालेले टॅक्रोलिमस आणि अ‍ॅझाथायोप्रिनची जागा घेणारे मायकोफेनोलेट यांनी बरीच सुधारणा केली. पण मूळ पेच कायम राहिला. रोहिणीच्या भिंतीतील स्नायुपेशींची वाढच रोखील असे काही हवे होते.

ते आधीपासूनच अस्तित्वात होते. ते एका घरातील शीतपेटीत पडून होते.

१९६४ च्या अखेरीस कॅनडातील वैद्यांची एक तुकडी ईस्टर बेटावर गेली. त्या बेटाचे मूळ नाव रापा नुई. दगडी पुतळ्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. तेथे विमानतळ व्हावयाचा होता. बाहेरच्या जगाचा संपर्क वाढण्यापूर्वी तेथील माणसे, प्राणी आणि जमीन यांची पाहणी करून ठेवावी, हा तुकडीचा हेतू. तिने आणलेल्या मातीचे नमुने माँट्रिअलच्या आयर्स्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत पोहोचले. तेथे सुरेंद्रनाथ सहगल नावाचे एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म १९३२ सालचा, आता पाकिस्तानात असलेल्या खुशाब येथला. फाळणीनंतर कुटुंब हिंदुस्थानात आले. सहगलांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण घेतले, पुढे ब्रिस्टलला डॉक्टरेट मिळविली आणि ते कॅनडात स्थायिक झाले. दिल्लीच्या आसपास आपण ज्या निर्वासित पिढीच्या वसाहतींतून रोज ये-जा करतो, त्याच पिढीतले हे गृहस्थ.

सहगल आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या त्या दोन-चार वर्षांत ह्या मातीतील सूक्ष्मजीवापासून एक द्रव्य वेगळे केले आणि बेटाच्या नावावरून त्याला रापामायसिन म्हटले. तेही आरंभी बुरशीनाशकच. आणि तेही प्रतिकारशक्ती दडपते, म्हणून बुरशीनाशक म्हणून गैरसोयीचे. १९८२-८३ च्या सुमारास कंपनीने माँट्रिअलची प्रयोगशाळा बंद केली आणि काम अमेरिकेत प्रिन्स्टनला हलविले. रापामायसिनचा अभ्यास गुंडाळण्यात आला. कोणत्याही कचेरीत दप्तर हलते तेव्हा जे होते तेच: उपयोग नसलेले ते नष्ट करावे, असा हुकूम निघतो. सहगलांनी निघण्यापूर्वी त्या द्रव्याचा एक शेवटचा घाणा तयार केला, कुप्या घरी नेल्या आणि खाद्यपदार्थांच्या शेजारी शीतपेटीत ठेविल्या. कुणी चुकून खाऊ नये म्हणून वर तशी चिठ्ठी लावली. ही हकीकत त्यांच्या कुटुंबीयांनीच पुढे सांगितली आहे. १९८७ मध्ये कंपनीचे विलीनीकरण झाले, वरचे अधिकारी बदलले, आणि सहगलांनी आपले म्हणणे पुन्हा मांडले. ह्या वेळी ते ऐकून घेतले गेले.

सेवानियमांच्या दृष्टीने पाहता ही वर्तणूक कोणत्या सदरात बसेल, याचा विचार आपल्यासारख्यांच्या मनात आल्यावाचून राहत नाही. तो बाजूस ठेवू.

१९८९ मध्ये केंब्रिजचे काल्न आणि स्टॅनफर्डचे रँडल मॉरिस यांनी प्राण्यांतील रोपणांवर ते परिणामकारक असल्याचे दाखविले. सायक्लोस्पोरिन हाक बंद करते, तर रापामायसिन हाक ऐकू आली तरी पेशीला वाढू देत नाही. आणि मुख्य म्हणजे संरक्षक पेशींप्रमाणेच रोहिणीच्या स्नायुपेशींनाही ते वाढू देत नाही. जे हवे होते ते नेमके हेच. १९९९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडाच्या रोपणासाठी त्यास सिरोलिमस या नावाने मान्यता मिळाली. त्याच्याच जातीचे एव्हरोलिमस घेऊन ६३४ हृदयारोपित रुग्णांवर झालेला प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोहिणीच्या आत ध्वनिलहरींची सूक्ष्म नळी घालून भिंतीची जाडी मोजण्यात आली. एका वर्षानंतर अ‍ॅझाथायोप्रिन घेणाऱ्यांपैकी ५२.८ टक्के रुग्णांत रोग दिसला. एव्हरोलिमस घेणाऱ्यांत मात्रेनुसार ३५.७ आणि ३०.४ टक्के. विषाणूचा उपद्रवही कमी आढळला. ब्लेबर्गच्या शवचिकित्सेनंतर चौतीस वर्षांनी ह्या रोगाला कोठे तरी बांध पडला.

हा बांध निर्दोष आहे असे मात्र नाही. ह्या औषधाने जखमा भरण्यास विलंब लागतो, म्हणून शस्त्रक्रियेनंतर लगेच ते देण्यास वैद्य कचरतात. तोंड येते, क्वचित फुप्फुसांस सूज येते. आणि गंमत अशी की रोहिणी वाचविणारे हे औषध रक्तातील मेद वाढविते! मेद वाढूनही रोहिणी कमी भरतात, यावरून ह्या रोगात पेशींच्या वाढीचा वाटा किती मोठा आहे हे कळून येते. ह्याच औषधाचा लेप दिलेले स्टेंट पुढे साध्या हृदयविकारातही वापरात आले. स्वतः सहगल यांना १९९८ मध्ये कर्करोग झाला आणि २००३ च्या जानेवारीत ते निवर्तले.

मेदासाठी स्टॅटिन देतात. त्यांचा आरंभ जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांना तांदळावरील बुरशीत सापडलेल्या द्रव्यापासून झाला. लॉस एंजेलिसच्या एका लहानशा प्रयोगात, ९७ रुग्णांपैकी प्राव्हास्टॅटिन घेणारे ९४ टक्के वर्षाअखेर हयात होते, न घेणारे ७८ टक्के. १९९५ सालची ही गोष्ट. तेव्हापासून हृदयारोपण झालेल्या रुग्णाला ही गोळी बहुतेक आरंभापासूनच सुरू होते.

आता सेनांची सुई. त्यांच्या कल्पनेचा पुढे परदेशात विस्तार झाला. सुईच्या जागी लेसरचा किरण आला. ज्यांच्या रोहिणी सर्वत्र बुजल्या आहेत आणि बायपासला जागाच नाही, अशांसाठी ती पद्धत होती. साहजिकच रोपलेल्या हृदयाच्या रोहिणीरोगातही ती काही ठिकाणी करून पाहण्यात आली. छिद्रे कालांतराने बुजतात असे दिसून आले आणि ती मागे पडली. तथापि परळच्या ज्या माणसाने भारतातले पहिले हृदय रोपले त्यानेच, सर्वत्र बुजलेल्या रोहिणींचे काय करावे हा प्रश्नही हाती घेतला होता, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात ठळकपणे यावयास हवी. सेन १९८२ मध्ये वारले. सायक्लोस्पोरिनला मान्यता मिळाली ती त्याच्या पुढच्याच वर्षी.

भारतात ह्या कामाला कायद्याची वाट पाहावी लागली. मेंदू मृत झाला की माणूस मृत, हे कायद्याने मानल्याशिवाय धडधडते हृदय काढून घेता येत नाही. मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम १९९४ हा तो कायदा. संसदेने तो केला खरा, पण आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने आरंभी तो लागू होता तीनच राज्यांना आणि केंद्रशासित प्रदेशांना. ती राज्ये म्हणजे गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. तिघांपैकी दोन आपली! राष्ट्रपतींची संमती १९९४ च्या जुलैत मिळाली आणि ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयारोपण केले. तो रुग्ण पुढे अनेक वर्षे जगला. त्या स्मरणार्थ २०२३ पासून ३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अवयवदान दिन म्हणून पाळला जातो. त्यापूर्वी तो नोव्हेंबरात असे.

कायदा प्रथम ज्यांनी मागून घेतला त्यांत महाराष्ट्र होता, तरी मुंबईत पुन्हा हृदय रोपले गेले ते ३ ऑगस्ट २०१५ रोजी. हृदय पुण्याहून विमानाने आले आणि मुलुंडच्या रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांनी ते बसविले. पथकाचे कौशल्य वादातीत होतेच. परंतु १९६८ च्या आणि ह्या शस्त्रक्रियेत खरे अंतर पडले होते ते रुग्णाच्या उशाशी ठेवलेल्या गोळ्यांचे.

ह्या गोळ्यांसंबंधी एक शेवटचा तपशील सांगावयाचा राहिला. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या द्रव्यावर पेटंट देण्याचे आपण बंद केले होते; केवळ ते करण्याच्या रीतीवर देत असू. २००५ पर्यंत ही व्यवस्था टिकली आणि तेवढ्या अवधीत आपल्या कारखान्यांनी परदेशी औषधे आपल्या रीतीने तयार करण्याचे तंत्र आत्मसात केले. सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस, सिरोलिमस ही सारी सूक्ष्मजीवांकडून आंबवून घ्यावयाची औषधे. केवळ रसायने मिसळून ती स्वस्तात होत नाहीत. अहमदाबादजवळ आणि बंगळूरला उंच पोलादी पात्रांत ती आज आंबविली जातात आणि तेथून परदेशीही जातात. रापा नुईच्या मातीतला तो सूक्ष्मजीव आता तेथे लोण्याच्या भावाने नसले तरी परवडेल अशा भावाने काम करतो. सातारचे गृहस्थ येताना गोळ्या मोजून आणतात. एखाद्या वेळी दोन दिवस मुक्काम वाढला की नोएडातील अठराव्या सेक्टरच्या बाजारात आम्ही दोघे चिठ्ठी घेऊन जातो. दुकानदार पेटीतून पट्टी काढून देतो, पावती करतो, आणि गृहस्थ ती पावती परताव्याच्या अर्जासाठी खिशात जपून ठेवतात.